बत्तीस गुरुजी आणि एक यादी

हसणार नसाल तरच सांगतो. जाऊ द्या, हसालच तुम्ही. दुसऱ्या कुणाचं असतं तर मीही हसलो असतो!

आमच्या पांढरकवड्याच्या तालुका स्पर्धेसाठी खेळाडूंची यादी दरवर्षी आम्ही तिघं शिक्षक करायचो. आत्राम गुरुजी शाळाशाळांना फोन लावून नावं विचारायचे, राठोड मॅडम टाइप करायच्या, मी तपासायचो. तासाभरात काम फत्ते! पण मला स्वस्थ बसवतं कुठे? यंदा मी जाहीर केलं, "ऑनलाइन शीट! बत्तीस शाळांचे बत्तीस शिक्षक एकदमच भरतील."

"सर, इतके जण कायले पाह्यजे?" राठोड मॅडम म्हणाल्या.

मी नुसता हसलो. जाणकार माणसासारखा.

यादी चार वाजता द्यायची होती. नाव नसलं की पोराला मैदानात प्रवेश नाही. दोन वाजताच शीट भरली! मी माझ्या केळापूरच्या शाळेची नावं तेवढी काढून पाहिली आणि ऐटीत चहाला गेलो.

परत येतो तर ग्रुपवर बोंबाबोंब!

"सर, माह्या पोरी गायब!"

"आमची अख्खी कबड्डी गेली नं बाप्पा!"

"केळापूरच खेळून राह्यलं काय एकटं?"

मी भडकलो. "कुणीतरी यादी पुसली आहे. सगळ्यांनी नावं पुन्हा भरा!" मग एकेकाला फोन लावून झापायला सुरुवात केली. ग्रुपवर 'ओके सर'चा नुसता पाऊस.

साडेतीनला राठोड मॅडम स्कूटीवरून धापा टाकत आल्या.

"तीनदा लिहिलं ग्रुपवर, काही भरू नका म्हणून! त्या 'ओके सर'खाली बुडालं. तुमचा फोनही बिझी!"

त्यांनी माझ्या कॉम्प्युटरवर एक बटण दाबलं. सगळी नावं परत आली, तीही दोन-दोनदा!

"कोनं काही पुसलं नव्हतं, सर. फक्त केळापूर दिसावं असा फिल्टर लावून ठेवला होता."

"कोणी?" मी गरजलो.

मॅडमनी माझ्या शाळेच्या नावावर बोट ठेवलं. मला चहाची चव तोंडात कडू लागली.

मग दुबार नावं गाळायला आत्राम गुरुजी फोनवर, मॅडम कीबोर्डवर. चारला पाच कमी असताना यादी गेली आणि सगळी पोरं खेळली.

आता यादी पुन्हा तिघंच करतात. दोघं हे, आणि तिसरे नव्याने बदलून आलेले एक सर.

मी? शीट मलाही पाठवतात हो! फक्त बघण्यापुरती.