ओटीतला अम्मन कासु

त्रिपुरसुंदरीबाईंनी बत्तीस वर्षं चेन्नईजवळच्या तांबरमच्या शाळेत गणित शिकवलं आणि तेवढीच वर्षं नवरात्रात बाहुल्यांचा गोलू मांडला. चुकलेलं गणित आणि चुकलेला रिवाज, दोन्ही पाहिलं की त्यांच्या कपाळाची शीर तडतडू लागते.

त्यांचं माहेर पुदुकोट्टैचं, घर तंजावुरी मराठी. तिथल्या तोंडैमान राजांच्या संस्थानात तांब्याचं एक इवलंसं नाणं चालत असे, अम्मन कासु. एका बाजूला बृहदंबा देवी, दुसरीकडे तेलुगूत ‘विजय’. राजाचा चेहरा कुठेच नाही. अशी नऊ नाणी आजीकडून आईकडे आणि आईकडून बाईंकडे आली होती. गोलू बघायला येईल तिला त्या ऐकवत, "राजाने दरबारात बोलावून आमच्या आज्जीस मानाने दिलेले हे."

रिवाज असा, की आलेल्या सवाष्णीच्या ओटीत तांदूळ, नारळ आणि एक कासु घालायचा. तिने तो डोळ्यांना लावून पितळी तबकात परत ठेवायचा, मग कॉफी. साऱ्या गल्लीला हे पाठ होतं, त्यामुळे कुणाला सांगायची वेळच येत नसे.

यंदा चौथ्या दिवशी वरच्या मजल्यावरची सुनंदा आली. सहा महिन्यांपूर्वी नगरहून आलेली. नवरा ओरगडमच्या ट्रक कारखान्यात. बाईंनी ओटी भरली. सुनंदाने पदराला गच्च गाठ मारली, वाकून नमस्कार केला, कॉफी प्याली, वाटीभर हरभऱ्याचं सुंडल खाल्लं आणि हसत हसत निघून गेली. तबकात आठच कासु!

आता मागायचं कसं? मागावं तर सवाष्णीच्या भरल्या ओटीत हात घातल्यासारखं. न मागावं तर नऊचे आठ, तेही तिसऱ्या पिढीत, आपल्या हातून. बाईंना रात्री डोळा लागला नाही. सकाळी सांबारात मीठ दोनदा पडलं आणि बोलणी खाल्ली मोलकरणीने.

पाचव्या दिवशी त्या स्वतःच वर गेल्या आणि अर्धा तास आडून आडून बोलल्या. "कासु फार जुना हो तो. मोजून नऊच आहेत आमच्याकडे."

"हो ना काकू, किती सुंदर आहे! मी घटापाशी ठेवलाय," सुनंदा म्हणाली आणि बाईंच्या हातावर शिरा ठेवला. तो शिरा त्यांना कडू लागला.

"शिकलीसवरलेली बाई, एवढं कळूं नये?" घरी येऊन त्यांनी नवऱ्यावर तोफ डागली.

श्रीवत्सराव रेल्वेतून निवृत्त झालेले, स्वभावाने थंड. "अय्यो, सरळ विचार की. नाहीतर सोड. तुझ्या आज्जीने काय राजाला परत नेऊन दिले होते?"

"ते निराळं!" बाईंनी कॉफीचा डवरा आपटला. ते कसं निराळं होतं हे श्रीवत्सरावांना ठाऊक होतं. सासूबाईंनी एकदा त्यांना हळूच सांगितलं होतं. त्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

अष्टमीच्या सकाळी सुनंदा दारात उभी. शेजारच्या यामिनीने तिला सगळा रिवाज सांगितला होता. रडून डोळे लाल झाले होते. "काकू, मला कुणी सांगितलंच नाही हो. आमच्याकडे ओटीतलं परत देत नाहीत. चोरी केल्यासारखं झालं." तिने तळहात पुढे केला. कासुवर कुंकवाचा थर होता. रोज पूजा केलेली दिसत होती.

चार दिवस ज्याच्यासाठी जीव टांगणीला लागला होता तो कासु समोर होता. बाईंचा हात पुढे गेलासुद्धा. पण बोटं मिटेनात. त्यांना भयंकर राग आला, यामिनीचा, नवऱ्याचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा.

"आत ये आधी. उंबऱ्यावर रडूं नको!" त्या खेकसल्या. मग एकदम आवाज खाली आला. "ऐक. आमची आज्जी दरबारात कधी गेली नव्हती. नवरात्रात राजवाड्याच्या दारी येईल त्या गरिबास रोज तांदूळ देत, आणि वर एक कासु. घरी चूल पेटत नव्हती, म्हणून आज्जी नऊ दिवस त्या रांगेत उभी राहिली. तिच्याकडून परत कोणी मागिटलं नाही. तूंही देऊं नको."

सुनंदाने मूठ मिटली.

आतल्या खोलीत श्रीवत्सरावांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. चाळीस वर्षांच्या संसारात ही गोष्ट बायकोच्या तोंडून ते पहिल्यांदाच ऐकत होते.