दाजींचं लष्करी टोचन

आमचे दाजी लष्करात असते तर एकही लढाई झाली नसती. दोन्हीकडची सैन्यं समोरासमोर उभी राहिली असती, मधोमध दाजी एका रणगाड्याखाली उताणे पडून "थांबा, एक नट बसत नाहीये" म्हणाले असते, आणि शेवटी दोन्हीकडचे जवान कंटाळून आपापल्या गावी निघून गेले असते. हे मी त्यांच्या पाठीमागे बोलत नाही. त्यांच्याच ओसरीवर, त्यांच्याच घरचा चहा पिताना तोंडावर बोलले आहे. त्यावर ते गंभीरपणे म्हणाले, "मेहुणीबाई, नट नाही. स्टड म्हणा."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मोहोळपासून आत त्यांची शेती आहे. शेती आक्कानं केली. दाजींनी हायस्कुलात क्लार्कची नोकरी केली. तरुणपणी ते सैन्यभरतीला गेले होते. उंची भरली, छाती अर्धा इंच कमी पडली. तो अर्धा इंच त्यांनी शाळा सोडल्याचे दाखले लिहीत तीस-बत्तीस वर्षं मनात सांभाळला आणि निवृत्त झाल्या झाल्या लष्कराच्या लिलावातून निघालेला एक पुराणा टोचन ट्रक घरी आणला. टोचन म्हणजे बंद पडलेल्या, रुतलेल्या गाड्या ओढून काढणारी क्रेनची गाडी. ही गाडी मात्र स्वतःच दुसऱ्या टोचनाला बांधून आली. पुढच्या चाकांत हवा नव्हती, इंजिनात चिमणीचं घरटं होतं, आणि केबिनमध्ये दाजी ताठ बसून स्टिअरिंग धरून होते, जणू गाडी तेच चालवत आहेत. वाटेत एका म्हाताऱ्यानं रामराम घातला, तर यांनी सलाम ठोकला. तेव्हापासून गाव त्यांना मेजर म्हणतं. गाव चेष्टेनं म्हणतं, दाजी ती बढती समजतात.

क्रेनची उंची मावेल असं छप्पर घरात एकच होतं, गोठ्याचं. म्हणून गाडी गोठ्यात गेली आणि आक्काच्या चार गाई बाहेर बाभळीखाली आल्या. आक्का फारसं बोलणारी नाही. धार काढताना ती गाईलाच म्हणाली, "मुक्या जितराबाला ऊन आन लोखंडाला सावली. तूबी गंज चढवून घे बाई, मंग तुलाबी आत घेतील."

पुढची दोन वर्षं आमच्या दुकानानं भोगली. सोलापुरात भवानी पेठेत आमचं बेअरिंग आणि ऑईल सीलचं दुकान आहे. गल्ल्यावर मी बसते, मालही मीच ओळखते. दाजी आठवड्यातून एकदा एस्टीनं यायचे, पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेला एखादा झिजलेला भाग काढायचे आणि बारशाचं बाळ ठेवावं तसा काउंटरवर ठेवायचे. मी कॅलिपर लावला की त्यांचा चेहरा कसनुसा व्हायचा. "मिलिमीटरमध्ये नका मोजू. हा इंचातला माणूस आहे." मागे चार गिऱ्हाइकं पंपाचं बेअरिंग मागत खोळंबलेली असायची आणि दाजी त्यांना हा भाग कुठल्या वाळवंटात, कुठल्या बर्फात जाऊन आला असेल ते सांगत बसायचे. तो भाग बहुतेक आयुष्यभर पुण्याच्या बाजूला कुठल्यातरी शेडमध्ये पडून असणार, असं एकदा मी म्हटलं. त्यानंतर दोन आठवडे ते दुसऱ्या दुकानात गेले. तिथं त्यांचं बोलणं कुणी ऐकून घेईना, म्हणून परत आले.

दाजींच्या दोन प्रतिज्ञा होत्या. गाडी जशी होती तशीच राहिली पाहिजे, आणि गाडीतलं सगळं बदललं पाहिजे. मूळ पेट्रोलचं इंजिन काढून त्यांनी भंगारात निघालेल्या एका बसचं डिझेल इंजिन बसवलं. ते उंच निघालं, बॉनेट मिटेना. मग बॉनेटला भोक पाडून वर आक्काची कणकेची परात उलटी मारली आणि तिला हिरवा रंग दिला. आक्का महिनाभर परात शोधत होती. सापडली तेव्हा तिला चार बोल्ट ठोकलेले होते. हातानं फिरवायच्या क्रेनला त्यांनी जेसीबीचा जुना हायड्रॉलिक पंप जोडला, तारेचा दोर नवा आणला, टपावर दिवाळीच्या आकाशकंदिलासारखे दिवे लावले. पण रंग मात्र अस्सल लष्करी हवा होता. तो जमेपर्यंत घराच्या मागच्या भिंतीवर हिरव्याचे इतके नमुने उमटले की लांबून भिंतीला शेवाळ आल्यासारखं दिसायचं. सोलापुरातून येणारे वयस्कर मिस्त्री तेवढे कधी कंटाळले नाहीत. मी त्यांना एकदा विचारलं, ही गाडी होणार तरी कधी? ते बिडी विझवत म्हणाले, "ये गाडी बनती नै बाई. इसकू पालनाच पडता."

दसऱ्याला गावात सगळ्यांच्या गाड्यांची पूजा झाली. आक्कानंही टोचनाला हार घातला, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि हात पुसत दाजींना सांगितलं, "कारखान्याचा पट्टा पडंपतुर एक तरी गाडी हिनं वडून काडली पायजे. न्हायतर भंगारवाल्याला बोलवा. माज्या गाई आत येनार." पट्टा पडणं म्हणजे उसाचा हंगाम संपणं. दाजी म्हणाले, "एक? एका महिन्यात दहा काढतो." आक्का म्हणाली, "एक. पर वडून."

मग दाजी कुणीतरी रुतण्याची वाट पाहू लागले. सकाळी चहा झाला की दुर्बीण घेऊन गच्चीवर जायचे आणि शेतरस्त्यानं डुलत जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या न्याहाळायचे. एखादी ट्रॉली खड्ड्यात तिरकी झाली की यांचा श्वास अडकायचा. ती सरळ निघून गेली की खाली येऊन जेवणात मीठ कमी म्हणायचे. ड्रायव्हर लोकांना "पुढं वाट खराब आहे, जपून" असं सांगायचे, पण असल्या आवाजात की ऐकणाऱ्याला वाटावं, जपू नये. द्राक्षवाले आभाळाकडे बघून अवकाळी नको म्हणत होते, तेव्हा सगळ्या पंचक्रोशीत एकटे दाजी ढग आला की खूश व्हायचे.

आणि जानेवारीत एक जोडट्रॉली खरोखरच रुतली. पाटाचं पाणी झिरपून वाट मऊ झाली होती. दाजींना निरोप आला, म्हणजे शेजारचा एकजण "मेजर, लढाई लागली" असं ओरडत गेला. दाजी खाकी कपडे घालून निघाले. मी संक्रांतीच्या वाणाला आले होते, म्हणून सगळं डोळ्यांनी पाहिलं. गाडी वाजत-गाजत, धूर सोडत गेली आणि कडक जागेवर थांबण्याऐवजी थेट चिखलात शिरली. ट्रॅक्टरवाला हात हलवून नको नको म्हणत होता. दाजी खिडकीतून म्हणाले, "लष्कराची गाडी आहे. तिला चिखल शिकवू नका." आमच्याकडची काळी माती वरून भाकरीसारखी वाळलेली दिसते आणि आत लोण्यासारखी असते. लहान पोरालाही हे ठाऊक आहे. दाजी मात्र जन्म या मातीत काढून, चिखलाबद्दल लष्करी गाड्यांच्या इंग्रजी पुस्तकात वाचत होते. दोन मिनिटांत टोचन ॲक्सलपर्यंत बसलं. जितकं रेस केलं तितकं खाली गेलं. ऊसतोडीची एक बाई कोयता खांद्यावर टाकून बघत होती. ती शांतपणे म्हणाली, "मेजर, आता तुमाला काडायला कुनाला बोलवायचं?"

तोडकऱ्यांनी चाकांखाली उसाचं पाचट टाकलं, तीन ट्रॅक्टर एकापुढे एक साखळीनं जोडले आणि आधी टोचन बाहेर काढलं, मग ट्रॉली. कुणी मुद्दाम हसलं नाही. त्याचंच दाजींना जास्त लागलं असावं. त्यानंतर हंगाम संपेपर्यंत ते माझ्या दुकानात आले नाहीत. दुर्बीणही गच्चीवर गेली नाही. गल्ल्यावर बसून मला एकदा वाटलं, बरं झालं, खोळंबा गेला. पण आठवड्याच्या त्या दिवशी माझं लक्ष दाराकडे जायचं.

पट्टा पडला. भंगारवाल्याला फोन दाजींनीच केला. शब्दाचा माणूस, एवढं मात्र मी त्यांच्या बाजूनं लिहीन. आक्कानं मला "ये" म्हणून निरोप दिला, म्हणून त्या दिवशी मी सकाळीच पोचले. दहाच्या सुमारास भंगारवाल्याची मोठी लॉरी आली, वर गॅस कटर, दोन माणसं. गोठ्याकडे गाडी उलटी न्यायची तर कडवळाच्या, म्हणजे गाईंच्या हिरव्या चाऱ्याच्या, वाफ्याच्या कडेनं न्यावी लागते. ड्रायव्हरनं रिव्हर्स टाकला, आणि वाफ्याच्या कडेला लॉरीची मागची डावी बाजू अलगद खाली बसली. त्यानं जोर दिला. आणखी बसली.

दाजी ओसरीवर पाठ करून बसले होते. आवाज ऐकून वळले, लॉरीकडे पाहिलं, मग आक्काकडे. आक्का दुसरीकडेच बघत होती. दाजी उठले. या वेळी त्यांनी खाकी घातली नाही. टोचन गोठ्यातून काढून मुरमाच्या कडक जागेवर उभं केलं, चारी चाकांना दगड लावले, लॉरीच्या चाकांमागं पाचट पसरलं आणि दोर लांबवून हुक अडकवला. कुणाला काही सांगितलं नाही, एक शब्द इंग्रजी बोलले नाहीत. दोर ताणला, गाडी थरथरली, आणि लॉरी इंचाइंचानं मागं सरकत वर आली. इतकं नीट काम त्यांनी केलेलं मी प्रथमच पाहिलं.

भंगारवाला घाम पुसत म्हणाला, "आता हिला कापायचं का, मेजर?"

आक्का म्हणाली, "एक गाडी म्हनलं हुतं. झाली की एक." मग कोपऱ्याकडे बोट दाखवत, "ते जुनं पेट्रोलचं इंजिन पडलंय तिकडं, ते न्या. रिकामं कशाला जाता."

दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही दोघी भांडी घासत होतो. दाजी बाहेर दोराला ग्रीस लावत कुणाला तरी फोनवर आजचा प्रसंग सांगत होते. लॉरी तोपर्यंत बरीच वजनदार झाली होती. मी हळूच म्हटलं, "आक्का, कडवळाला परवाच पाणी दिलं म्हणून तूच सांगत होतीस ना फोनवर?"

"व्हय."

"मग आज परत? लॉरी येणार, ती तिथूनच वळणार, हे तुला माहीत नव्हतं होय?"

"लाईट आलती," ती म्हणाली. "पानी सोडलं."

तिनं राखेची मूठ घेऊन कढई घासायला घेतली. संध्याकाळच्या एस्टीनं सोलापूरला येताना मनात आलं, मी तिच्या जागी असते तर ती गाडी केव्हाच कापून दिली असती. आणि माझंच बरोबर आहे असं मला वाटलं असतं.