रेषेपाशी थांबणारा दत्ताभिया

माझी सारी नोकरी फोनच्या बोर्डावर गेली. बँकेत टेलिफोन ऑपरेटर होतो. जन्मापासून डोळे नाहीत, त्यामुळे कानांवरच पोट भरलं. समोरचा नुसतं "हॅलो" म्हणाला की पुढे काय येणार ते मला कळतं, असा माझा जुना गर्व होता. दत्ताभियाच्या बायकोचा, सुमनवहिनींचा फोन आला त्या सकाळी तो उतरला. त्या अगदी नेहमीसारख्या म्हणाल्या, "श्रीकांतजी, पोहे झाले का?" मी म्हटलं, झाले, तुमचं सांगा. मग त्या म्हणाल्या, "हे गेले." कुठे गेले, असं मी विचारलं. खरंच विचारलं. दत्ताभियाची छाती भरलेली होती, दवाखान्याच्या फेऱ्या चालू होत्या, सगळं मला ठाऊक होतं. तरी वाटलं, गेला असेल कुठेतरी, येईल संध्याकाळपर्यंत. या गोष्टीला आता काही आठवडे झालेत आणि अजून माझं डोकं ठिकाणावर नाही.

दत्ता मोहिते, इंदुरी बोलीत दत्ताभिया म्हणजे दत्ताभाऊ, हे नाव वाचकांना माहीत असायचं काही कारण नाही. तो इंदूरच्या एका कापड मिलमध्ये कार्डिंग खात्यात होता, म्हणजे कापूस पिंजणारी मशीनं चालतात तिथे. त्यातल्याच एका मशीननं त्याचा उजवा हात कोपराखालून नेला. पुढे काही वर्षांनी मिलही बंद पडली. नव्वदीची सुरुवात होती. मल्हारगंजात केबलच्या तारा लागत होत्या, परदेशी थंड पेयांच्या पाट्या लागत होत्या, आणि इकडे मिलच्या फाटकाशी माणसं रोज सकाळी डबा घेऊन येऊन बसत होती, आज उघडेल म्हणून. दत्ताभिया नाही बसला. त्यानं पोलोग्राउंडमधल्या एका छोट्या कारखान्यावर चौकीदारी धरली. कोणी हळहळलं की म्हणायचा, "पहिले हाथ गया, फिर काम गया. आता पाय उरलेत भिया, तर धावू नको का?" लोक हसत. पण तो चेष्टा करत नव्हता, तो खरोखरच रोज पहाटे धावायचा.

आमची भेट झाली ती अपंगांच्या एका क्रीडा मेळाव्यात. आता ऐकून खोटं वाटेल, पण तेव्हा आमच्याकडे शंभर मीटरची एकच शर्यत असायची, सगळ्यांची मिळून. पोलिओवाले गुडघ्यावर हात दाबत धावायचे, बहिऱ्यांना पिस्तुलाचा आवाज ऐकू यायचा नाही म्हणून ते शेजाऱ्याकडे बघून निघायचे, आणि आम्हा आंधळ्यांसाठी टोकाला एक मास्तर शिटी वाजवत उभा असायचा. शिटीच्या दिशेनं पळायचं, बस. त्या दिवशी मास्तरांची शिटी एका बाजूला आणि वाहतूक पोलिसाची शिटी दुसऱ्या बाजूला. मी भरधाव गेलो तो थेट मंडपाच्या दोरात अडकून पाहुण्यांच्या चहाच्या टेबलावर पडलो. टाळ्या मात्र खूप पडल्या. दत्ताभिया अर्थातच पहिला आला. त्याला भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते काखेत धरून तो माझ्याकडे आला, माझ्या शर्टावरचा चहा झटकायला लागला आणि म्हणाला, "सच बोलू का साहेब, मजा नाही आला. तुम्ही टेबलावर, तो बिचारा छोरा गुडघ्यावर, आणि मी पहिला. याला काय रेस म्हणायचं? लाज वाटली मला." मला दयेची सवय होती, पण जिंकून लाजणारा माणूस मी पहिल्यांदाच भेटत होतो. मी चिडूनच म्हटलं, मग काय करू, डोळे आणू कुठून? तर म्हणाला, "डोळे आपण देऊ ना. एक दोरी लागेल फक्त."

दुसऱ्या आठवड्यापासून अन्नपूर्णेकडच्या दसरा मैदानावर आमची तालीम सुरू झाली. सुताच्या दोरीचं एक टोक माझ्या उजव्या मनगटाला आणि दुसरं त्याच्या डाव्या मनगटाला. त्याचा एकुलता एक हात माझ्याकडे गहाण. धावताना हाताच्या झोक्यावर शरीर तोललं जातं. त्याचा एक हात नव्हताच आणि दुसरा माझ्या तालावर हलायचा, तेव्हा तो स्वतःला कसा सावरत असेल हे त्याचं त्याला माहीत. आधी आम्ही इतक्या वेळा पडलो की मैदानावर येणारे म्हातारे आम्हाला ओळखायला लागले. दत्ताभिया पडल्या पडल्या आधी मला शिव्या घालायचा, मग लागलं का विचारायचा. मीही कमी नव्हतो. "आंधळ्याला पाडलंस, पाप लागेल," म्हटलं की तो म्हणायचा, "माझा हिशेब हाथ कटला तेव्हाच बराबर झाला, आता फुकट आहे सगळं." हळूहळू पावलं जुळली. त्याचं डावं पाऊल उजव्यापेक्षा जरा जड पडायचं, ते माझ्या कानात इतकं बसलं की आजही गर्दीतून ओळखीन.

या धावण्यात एक नियम आहे. रेषा आंधळ्यानं आधी ओलांडायची. वाटाड्या, म्हणजे दोरीच्या दुसऱ्या टोकाचा, पुढे गेला तर दोघंही बाद. वाटाड्यानं ओढायचं नाही, फक्त सोबत राहायचं, आणि शेवटी मागे व्हायचं. दत्ताभिया माझ्यापेक्षा कितीतरी वेगवान. त्याला मागे होणं जमेना, सुरुवातीला दर वेळी तोच पुढे. मग त्यानं एक युक्ती काढली. रेषा जवळ आली की तो "जा!" म्हणून ओरडायचा आणि त्याच श्वासात पाऊल आखडायचा. दोरी सैल झाली की मी समजायचो, आता माझं मी. हे त्यानं इतकं घोटलं की पुढे मैदानावर रेषा असो वा नसो, धावणं संपत आलं की त्याचं पाऊल आपोआप आखडायचं. त्याला त्याचा अभिमान होता. म्हणायचा, "ब्रेक पक्का लागला भिया."

पुढे भोपाळला राज्याच्या निवड चाचण्या झाल्या आणि तिथे आम्ही पहिल्यांदा गट बघितले. म्हणजे दत्ताभियानं बघितले आणि मला सांगितले. कापलेल्या हातांचे वेगळे, पायांचे वेगळे, आणि आंधळ्यांचेही वेगवेगळे, कारण कोणाला उजेड दिसतो, कोणाला तोही नाही. डॉक्टरांनी माझ्या डोळ्यांत बॅटरी मारली, पूर्ण आंधळा असं ठरवलं, आणि वर डोळ्यांवर काळी पट्टी बांधायला लावली. नियमच तसा, कोणी चोरून बघू नये म्हणून सगळ्यांना सारखी पट्टी. दत्ताभिया हसून हसून जमिनीवर बसला. "अंधेरे पर ताला!" पण रात्री धर्मशाळेत जेवताना अगदी गंभीर होऊन म्हणाला, "श्रीभाऊ, इसको कहते हैं बराबरी. हरला तरी माणूस आपल्यासारख्याकडून हरतो. मला एकदा अशी रेस पाहिजे. एकच." आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या गटाची शर्यतच झाली नाही. हात कोपराखालून गेलेला तो एकटाच आला होता. एकट्या माणसाची शर्यत लावता येत नाही. संघटनेचे लोक म्हणाले, पाय गेलेल्यांबरोबर धावा. हा म्हणाला, त्यापेक्षा नाही धावत. माझ्या शर्यतीत मात्र माझ्यासोबत धावला. मला रौप्यपदक मिळालं. वाटाड्याला तेव्हा पदक नसायचं. त्यानं ते चाचपून बघितलं, फडक्यानं पुसलं आणि माझ्या खिशात घातलं.

परतीच्या बसमध्ये तो माझ्या शेजारी बसला होता. देवासच्या आसपास एकदम म्हणाला, "अरे, हात कटलेले कमी आहेत का आपल्या इंदुरात? मिल काय फक्त माझाच हात खाऊन बंद झाली?" आणि खरंच दुसऱ्या दिवसापासून तो मिलच्या चाळींमधून हिंडायला लागला. सुमनवहिनी म्हणायच्या, लोक वधू-वर शोधतात, आमचे हे हात तुटलेले टुंडे शोधतायत. कोणाचा हात कुठल्या खात्यात गेला ते त्याला माहीत होतंच. पुष्कळांनी त्याला हाकलून दिलं. मिल बंद, घरात चूल पेटायची पंचाईत, आणि हा सांगतो चड्डी घालून पळायला चला. पण तिघं तयार झाले. त्यांतला कन्हैयालाल होता लूम खात्यातला, म्हणजे माग चालतात तिथला, आता कचोरीची गाडी लावायचा, अंगानं चांगला भरलेला. "दत्ताभिया, म्हाको पेट देख्यो हे कांई?" माझं पोट बघितलंस का, असं तो माळवीत म्हणाला, तरी दुसऱ्या दिवशी मैदानावर हजर. का आला असं मी नंतर विचारलं होतं. म्हणाला, मिल बंद झाल्यापासून कोणी नाव घेऊन बोलवायलाच आलं नव्हतं.

सहा-आठ महिने दत्ताभियानं त्या तिघांना शिकवलं. वाकून सुरुवात करताना एकाच हातावर भार कसा घ्यायचा, तोंडावर कसं पडायचं नाही, सगळं. आणि तो मास्तर म्हणून मुळीच गोड नव्हता. कन्हैयालालला पळताना धाप लागली की हा ओरडायचा, "कचोरी कमी खा, विक जास्त." मी बाजूला बसून ऐकायचो. चौघांच्या पावलांत दत्ताभिया रोज पुढे असायचा. मला मनातून खात्री होती की आता याला याची शर्यत मिळणार, आणि तो जिंकणार, आणि पहिला येणारा पुढे राष्ट्रीय सामन्यांना जाणार. मी तर बँकेत सगळ्यांना सांगूनही टाकलं.

त्या वर्षी चाचण्या इंदुरातच होत्या. मी वहिनींना म्हटलं, मला रेषेपाशी नेऊन उभं करा, मला डोळ्यांची गरज नाही. पिस्तूल वाजलं आणि पावलं निघाली. मी ते जड डावं पाऊल लगेच पकडलं. ते पुढे होतं. अगदी स्पष्ट पुढे. वहिनींनी माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली. कन्हैयालाल मागून धापा टाकत येत होता, बाकीचे दोघे आणखी मागे. मी ओरडतही नव्हतो, नुसता ऐकत होतो. आणि रेषा आली, तेव्हा मला त्याचा आवाज ऐकू आला, मोठ्यानं, अगदी रोजच्यासारखा... "जा!" आणि पाऊल आखडलं. तिथे जमलेल्या कोणालाच काय झालं ते कळलं नाही, वहिनींनाही नाही, त्यांना वाटलं पाय मुरगळला. मला कळलं. त्याच्या मनगटाला दोरी नव्हती, शेजारी मी नव्हतो, पण त्याच्या शरीराला ते ठाऊकच नव्हतं. कन्हैयालाल त्याच्या बाजूनं पुढे निघून गेला आणि पहिला आला.

मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. मी त्याला तिथेच झापलं, गाढवा, कोणाला जा म्हणालास? तो धापा टाकत होता. मग हसायला लागला. "श्रीभाऊ, सवय पडली रे. रेषा दिसली आणि तोंडातून निघूनच गेलं." मग जरा वेळानं म्हणाला, "पण रेस होती हां ही. खरी रेस." कन्हैयालाल तर ऐकायलाच तयार नव्हता, मी राष्ट्रीयला जाणार नाही म्हणून बसला. दत्ताभियानं स्वतःचे बूट देऊन त्याला पाठवलं. तो तिथे शेवटचा आला, आणि परतल्यावर कचोरीच्या गाडीपाशी उभा राहून तिथल्या धावपट्टीचं वर्णन करत राहिला. दत्ताभिया पुन्हा पुन्हा विचारून ऐकत होता. पुढच्या वर्षी आपण जाऊ, असं ठरलंही होतं. पण पुढच्या वर्षापर्यंत तिघांतला एक कामासाठी सुरतेला गेला, एकानं अंथरूण धरलं, आणि माणसं पुरेनात म्हणून तो गट पुन्हा बंद झाला, मिलचं एखादं खातं बंद व्हावं तसा. दत्ताभियाला दुसरी शर्यत कधी मिळाली नाही. माझ्याबरोबर मात्र तो आणखी कितीतरी वर्षं धावला, आणि दर वेळी रेषेपाशी थांबला.

पोटातली गोष्ट त्यानं अगदी शेवटी काढली. मिलचा कापूस त्याच्या छातीत उतरला होता, बोलताना मध्ये मध्ये थांबावं लागायचं. मी खाटेशी बसलो होतो. म्हणाला, "एक विचारू? त्या दिवशी... मी पुढे होतो ना?" इतक्या वर्षांत हा विषय त्यानं एकदाही काढला नव्हता, आणि मी समजत होतो की तो विसरला. मी म्हटलं, होतास. म्हणाला, "नक्की? सगळे बोलतात, बराबरीत होते." मी म्हटलं, सगळे बघत होते दत्ताभिया, मी ऐकत होतो, तू पुढे होतास. मग त्यानं माझा हात आपल्या हातात घेतला आणि म्हणाला, "बस. आंधळ्याची गवाही झाली, आता अपील नाही." आम्ही दोघंही हसलो. वहिनी आतून विचारायला आल्या, काय झालं म्हणून. तीच आमची शेवटची भेट.

त्याला घरातून काढलं तेव्हा मी दारातच उभा होतो. कन्हैयालालनं खांदा दिला होता, त्याचा श्वास मला ऐकू येत होता. गल्ली अरुंद, लोक पुष्कळ. कोणीतरी माझा हात धरून म्हणालं, अंकल, आप पहले निकलिए, फिर निकालेंगे. मी म्हटलं, नाही, त्याला जाऊ द्या. आणि ते सगळे माझ्या अंगावरून, माझ्या बाजूनं पुढे गेले. रामनाम चाललं होतं, त्या गलक्यात मी येड्यासारखा कान लावून होतो. कुठेतरी पाऊल आखडेल, जरा मागे होईल, मला पुढे सोडेल... सारा जन्म हा माणूस माझ्यासाठी थांबला, आणि स्वतःच्या एकुलत्या एका शर्यतीतही थांबला. या वेळी नाही थांबला. या वेळी थांबायचं होतंस रे, दत्ताभिया.