हिरामणकाकांची कोरी अंगठी

सराफ बाजारातले हिरामणकाका सोनार कुठलीही वस्तू कोरी सोडत नाहीत. दुकानाच्या कुलपावर वेल, चहाच्या चमच्यावर मोर. बोलताना मान तिरकी, भिंग कपाळावर आणि प्रत्येक वाक्याच्या शेपटाला "काय म्हणतो मी?"

त्यांच्याकडे ओझरच्या कारखान्यातला एलिजा तळकर आला. रविवारी नाशिकरोडला त्याचं लग्न.

"काका, सोन्याची साधी अंगठी. खडा नको, नक्षी नको, भोक नको."

"म्हणजे नळाचा वायसर?"

"तसंच समजा. आम्हा बेने इस्रायलींमध्ये लग्नाची अंगठी साधीच असते. खड्याने किमतीचा अंदाज चुकतो, नवरीची फसगत नको. आणि संसार कसा, सलग."

"हो हो," म्हणत काकांनी शुक्रवारी दुपारपर्यंत अंगठीभर द्राक्षाचा वेल कोरून ठेवला.

एलिजा ती बघून स्टुलावर बसला. "आमचे हझ्झान, म्हणजे लग्न लावणारे, ही हातात घेणार नाहीत. आणि सूर्य मावळला की शब्बाथ लागतो, आमचा विश्रांतीचा वार, मग मला काही करता येणार नाही."

"एवढंसं तर आहे. काय म्हणतो मी?"

"कुलपावरही एवढंसंच होतं," मंजुषाकाकू आतून म्हणाल्या. "आता किल्ली जात नाही."

ओशाळून काकांनी स्वतःच्या बोटातलं वळं काढलं. "हे घे, साधं आहे. लग्न उरकलं की आणून दे."

"उसनं चालत नाही. अंगठी नवऱ्याच्या मालकीचीच लागते, नाहीतर लग्नच खोटं."

मग काकूंनी सगळ्या कोरण्या पिठाच्या डब्यात पुरल्या आणि समोर ठाण मांडलं. वेल मुशीत वितळला. काकांचा हात दोनदा कोरणीच्या जागेकडे गेला, काकू दोनदा खोकल्या. उन्हं कलायच्या आत अंगठी तयार झाली.

"मी केली म्हणून कुणाला सांगू नकोस," काका म्हणाले. "बाजारात तोंड दाखवायचंय."

रविवारी लग्न लावायला ठाण्याहून आलेल्या हझ्झानांनी अंगठी दोन साक्षीदारांपुढे धरली आणि विधीतला ठरलेला प्रश्न विचारला, "ही निदान एका पैशाची तरी आहे ना?"

पाचव्या रांगेतून काका उठले. "एका पैशाची? अहो, बावीस कॅरेट आहे. मी घडवलीय. काय म्हणतो मी?"

"तिसरा साक्षीदारही मिळाला," हझ्झान म्हणाले. एलिजाने अंगठी नवरीच्या उजव्या तर्जनीत घातली. नवरीने बोट वर धरलं, सगळा हॉल माना उंचावून बघू लागला. काकांनी भिंग डोळ्यावर ओढलं.

"बसा आता," काकू म्हणाल्या. "नक्षी नाहीये, बघताय काय?"

"तेच बघतोय."