कांद्याच्या चाळीत द्राक्षं

हसायचं असेल तर कप आधी खाली ठेवा, कारण हा किस्सा दुसऱ्यांदा सांगायचं त्राण माझ्यात नाही. वीस वर्षं प्रोग्रॅमिंग केलं हो, आणि साधी कॉपी करता आली नाही मला!

पिंपळगावचे भाऊसाहेब आमचे गिऱ्हाईक. त्यांची द्राक्षं कोल्ड स्टोरेजमध्ये, कांदा शेजारच्या चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या जाळीच्या शेडमध्ये. दिवसभर वीज गेली तर किती माल नासेल, हे कॉम्प्युटरवर दाखवणारा सिम्युलेटर मी लिहीत होतो. नाशिकच्या आमच्या टीचभर ऑफिसात तेवढं एकच मोठं काम. ते गेलं तर मीही जाणार, हे आमच्या बॉस माधुरी मॅडमनी गोड आवाजात सांगून ठेवलेलं.

पहिल्या डेमोला मी रुबाबात म्हणालो, "भाऊसाहेब, ही तुमच्या मालाची कॉपी. हिच्यात वाट्टेल ते करा, मूळ माल सुरक्षित!"

त्यांनी कॉपीतली वीज घालवली. मूळ द्राक्षंही नासली! का? मी मालाची कॉपी केलीच नव्हती. केली होती ती पॉइंटरची, म्हणजे माल कुठे ठेवलाय त्या पत्त्याची. दुसरी किल्ली केली म्हणून दुसरं घर होतं का?

"एवढंच ना? उद्या करतो," मी मॅडमना म्हणालो.

आता भानगड अशी, की पत्त्यावरून प्रोग्रॅमला 'काहीतरी माल आहे' एवढंच कळतं. द्राक्षं की कांदा, ते त्या मालालाच ठाऊक. म्हणून प्रत्येकाला आपली कॉपी आपण करायला शिकवावं लागतं. द्राक्षांना शिकवलं. झकास! कांद्याची पाळी आली तेव्हा दमलो होतो, जेवणाचा डबा समोर होता. द्राक्षांच्याच ओळी उचलल्या, कांद्याखाली चिकटवल्या. नाव बदलायचं तेवढं राहिलं.

दुसरा डेमो. भाऊसाहेबांनी वीज घालवली आणि चष्मा वर केला.

"सर, कांदा नासला की!"

"वीज गेली ना, भाऊसाहेब."

"आवो, चाळीला वीज लागती कुठं? तिथं निस्ती हवा लागती!"

मी स्क्रीनजवळ गेलो. कोल्ड स्टोरेज: द्राक्षं. कांद्याची चाळ: द्राक्षं.

"लय वर्षं धंद्यात हाय मी," भाऊसाहेब शांतपणे म्हणाले, "पण कांद्याच्या चाळीत द्राक्षं भरणारा माणूस आज पहिल्यांदा पाह्यला."

मॅडम छताकडे बघत होत्या. मला इतकी लाज वाटली, की डबाही उघडवेना.

पण माणूस मोठ्या मनाचा. म्हणाले, "काम काढून घेत नाय. काय चुकलं ते लिहून पाठवा, सोताच्या शब्दांत. मग बघू."

मी दुरुस्ती केली, दहादा तपासली. कांद्यातून कांदाच निघाला! मग माफीचं पत्र लिहायला बसलो. अंगात जीव नव्हता. मागच्या वर्षी दुसऱ्या एका गिऱ्हाइकाला लिहिलेलं माफीपत्र होतंच. तेच उचललं, त्यातली चूक काढून नवी चूक घातली, पाठवून दिलं.

सकाळी भाऊसाहेबांचा फोन. "सर, पत्र पोचलं. झ्याक लिवलंय. फक्त एक सांगा..."

"बोला ना."

"हे संपतराव कोण?"