भूमिती नसलेलं गणित
बी.एस्सी. होऊन मी नगरमध्ये घरीच शिकवण्या घ्यायला लागले, तेव्हा माझी ख्याती दोनच गोष्टींसाठी होती. एक, बाईंच्या नाकावर राग. दोन, बाईंकडची मुलगी गणितात नापास होत नाही. दुसऱ्या गोष्टीची मला भारी घमेंड होती.

घोडेगावच्या बाजारात बैलांची दलाली करणाऱ्या एका गृहस्थांची मुलगी आमच्या गल्लीत मामाकडे राहून शिकत होती. आठवीत ती माझ्याकडे येऊ लागली. आकडेमोडीत नुसती बोंब. सात आठे विचारलं की आढ्याकडे बघायची, आणि मी पट्टी आपटायचे. पण प्रमेय दिलं की माझी सिद्धता बाजूला सारून ही स्वतःचीच एक रेघ काढायची, आणि ती बरोबर निघायची! खोटं कशाला बोलू, मला तिचा हेवा वाटायचा.

मॅट्रिक तेव्हा अकरावीला असे. नववीत जाताना ठरवायचं होतं, बीजगणित-भूमिती घ्यायची की सोपं, सामान्य गणित. तिचे वडील दारातच उभे राहिले.

"बाई, तुमीच ठरवा. एकदा जरी नापास झाली, तर घरचे माझं आयकायचे न्हाईत. शाळा बंद हुईल तिची."

मी सोपं गणित सांगितलं.

"आन मंग भूमिती?" तिनं विचारलं.

"भूमितीबरोबर बीजगणित येतं. त्यात गटांगळ्या खाशील."

सोपं गणित घेतलं की कॉलेजात सायन्स मिळत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी ते बोलले नाही. हिला कशाला हवंय सायन्स, हे मी परस्पर ठरवून टाकलं.

पुढची तीन वर्षं मी तिच्याकडून व्याज आणि शेकडेवारी घोटून घेतली. पट्टी आपटणं सोडलं. चुकलेलं गणित पुसू द्यायचे नाही. कुठं चुकलं ते तिच्याच तोंडून काढायचे. शिकवायला मी तिच्यामुळेच शिकले म्हणा ना. दुष्काळाच्या साली ती मॅट्रिक झाली, तीही चांगल्या मार्कांनी. गूळ घेऊन आली आणि म्हणाली, "सायन्सला घेत न्हाईत म्हनले, बाई. घरी आता लग्नाचं बघत्यात. महिनाभर हाय मी हितं. आता तरी भूमिती शिकवाल?"

तो महिना मी जन्मात विसरणार नाही. परीक्षा नव्हती, घाई नव्हती. एकेका वर्तुळावर आम्ही दुपार दुपार घालवायचो, आणि चहा गार व्हायचा. तसं शिकवणं मला पुन्हा कधी साधलं नाही, आणि तशी विद्यार्थिनीही मिळाली नाही.

शेवटच्या दिवशी वही मिटून तिनं विचारलं, "बाई, मला जमलं असतं का हो?"

"निघ आता, एसटी चुकेल," मी म्हणाले.

पाया पडून ती गेली. पुन्हा भेट नाही. अजूनही दुपारी दारात चपला वाजल्या की वाटतं, तीच असावी. आत यावं आणि तेच पुन्हा विचारावं. जमलं असतं गं, पोरी. नापास व्हायला तू भीत नव्हतीस. तू नापास झालीस तर माझं नाव जाईल, म्हणून मीच भ्याले.