केळीच्या चेंबरमध्ये अडकलेलं पीठ

"दार उघडता येवाव नई, ताई. गॅस चालू शे."

भागवतभाऊंनी हे इतक्या शांतपणे सांगितलं की मला त्यांचा रागच आला. फैजपूरचं केळी पिकवायचं चेंबर, त्याचं जाडजूड दार, आणि दाराआड माझं मळलेलं पीठ. त्याच संध्याकाळी जळगावात आमच्या कॅफेचं उद्घाटन होतं.

मी बेकर. बंगळूरला बरीच वर्षं सावरडो पाव केला. सावरडो म्हणजे विकतच्या यीस्टशिवाय फुगवलेला, किंचित आंबट पाव. त्याला स्टार्टर लागतं, म्हणजे पीठ-पाण्याचं जिवंत आंबवण. आईला एकटीनं राहणं जमेना, म्हणून मी जळगावला परतले. केळीचे व्यापारी नाना कॅफे काढत होते. त्यांनी मला घेतलं, पण साफ सांगितलं, "उद्घाटनाला पाव जमला तर बेकरी तुझी. नाही तर त्या ओव्हनमध्ये नानकटाई भाजू. लोक निदान खातील तरी."

मे महिना होता. बंगळूरला दिवसभर निवांत फुगणारं पीठ इथे जेवणाच्या आधीच सैल होऊन टेबलावर पसरायचं. त्याचा वेग कमी करायला गारवा हवा. त्यात कॅफेचा मोठा फ्रीज उन्हानं ऐन वेळी बंद पडला. नाना म्हणाले, "माझं चेंबर आहे की. चांगलं गार असतं." आदल्या संध्याकाळी मी पिठाचे डबे तिथे ठेवले. सकाळी न्यायचेत, हे नानांना सांगितलं. भागवतभाऊंना कुणीच सांगितलं नाही.

भाऊ मूळचे धुळ्याकडचे. हयात केळी पिकवण्यात गेलेली. त्यांनी पहाटे केळीचे क्रेट लावले, पिकवायचा गॅस सोडला आणि दार लावून घेतलं.

"अहो, माझे डबे दिसले नाहीत का?"

"दिसनात ना." त्यांनी होकारार्थी मान हलवली. "पिकाले ठेवेल व्हतीन ना? केळीस्नासंगेच निंघतीन. उद्या."

चेंबरमध्ये ठेवलेली वस्तू पिकायलाच ठेवलेली असते, याबद्दल त्यांच्या मनात शंकाच नव्हती. मी नानांना फोन लावला.

"दोन मिनिटं दार उघडायला सांगा, नाना."

"आत माल किती आहे?"

"गाडीभर."

"मग नाही. गॅस निघून गेला की अर्धी केळी पिवळी, अर्धी हिरवी. सगळी गाडी परत येईल."

"आणि पाव?"

"तो तू बघ."

मी गाडीत बसून चक्क रडले. बंगळूर सोडल्याचा त्या दिवशी मनापासून पश्चात्ताप झाला. मग डोळे पुसले आणि घरी जाऊन फ्रीजमधलं उरलेलं स्टार्टर काढलं. ओट्यावर ठेवलं तर आईचे पोहे होईपर्यंत त्याला बुडबुडे आले. ते बघत असताना डोक्यात आलं, की मी या उन्हाशी उगाच भांडतेय. दिवसभर फुगवायला वेळ नाहीच आहे, आणि इथे तो लागतही नाही.

कॅफेत गेले. बर्फाचं पाणी घेतलं, तेही नेहमीपेक्षा कमी. स्टार्टर हात आखडून घातलं. मग पिठाजवळून हलले नाही. घड्याळ काढून ठेवलं आणि बोटानं दाबून बघत राहिले. जरा उशीर झाला असता तर पुन्हा तेच सैल पीठ, आणि तिसरा डाव खेळायला वेळ नव्हता. दुपारी पाव आत सरकवले आणि ओव्हनचं दार लावलं.

पाव फुगले. बंगळूरइतके उंच नाही, पण नीट उभे राहिले. पाहुणे यायच्या आत नानांनी एक तुकडा तोडला आणि बराच वेळ चावला.

"कडक आहे."

"तसाच असतो तो, नाना."

"आतून बरा आहे." त्यांनी दुसरा तुकडा घेतला. "उद्यापासून रोज कर."

दुसऱ्या दिवशी भाऊंनी चेंबर उघडलं. केळीवर एकसारखी पिवळसर झाक आली होती. माझं पीठ झाकणं उचलून क्रेटवर उतरलं होतं. भाऊंनी ते खरवडून काढलं, आणि मी क्रेट धुतले.

आता मी पाव सकाळी मळते आणि दुपारी भाजते. बंगळूरचं वेळापत्रक भिंतीवरून काढून टाकलंय. आणि वस्तू कुठेही ठेवायची असली, तरी ती कधी न्यायची हे मालकाला नाही, दार लावणाऱ्या माणसाला सांगते.